दाराजवळचा सतरा नंबर

मावशीचा भाऊ त्या दिवशी सकाळी आमच्या प्रयोगखोलीत आला तेव्हा त्याच्या हातात जेवणाचा डबा होता. बहिणीसाठी काही आणलं असेल म्हणून मी पुन्हा वहीत डोकं घातलं. पण त्याने डबा टेबलावर ठेवला नाही, आदळला. वजनकाट्यावरचे आकडे कितीतरी वेळ नाचत राहिले.

"उघड," तो म्हणाला. "तुझ्याच हाताने उघड, ताई."

मावशीने झाकण काढलं. आत टोमॅटोचं एक पान होतं, म्हणजे पानाच्या नुसत्या शिरा होत्या, आणि त्यांच्यावर एक अळी पडली होती. हिरवीगार, तुकतुकीत, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी लांब. भरपेट जेवून आडवं झालेल्या माणसासारखी स्वस्थ.

आम्हाला अळ्यांचं काय कौतुक! आमच्या खोलीत कुठल्याही दिवशी चार-पाचशे अळ्या असतात आणि त्यांच्याच शेजारी बसून आम्ही डबा खातो. पण एकतीस वर्षं अळ्या पाळणाऱ्या बाईच्या तोंडचं पाणी एका अळीला बघून पळालेलं मी त्या दिवशी पाहिलं.

"कुठल्या झाडावर होती?" तिने विचारलं.

"कुठल्या म्हणजे? सतरा नंबरवर! बी तूच दिलंस ना? फवारू नकोस म्हणालीस. यावर अळी बसली तरी वाढत नाही म्हणालीस. ही बघ, कशी वाढत नाही ती!"

आणि नेमक्या त्याच वेळी दारात मॅडम उभ्या. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या शास्त्रज्ञ. हातातला चहाचा कप तोंडापर्यंत नेलेला आणि तिथेच थांबलेला.

"सतरा नंबरचं बी बाहेर गेलं?" त्या म्हणाल्या.

मावशीने काय करावं? तिने कुंचला उचलला, अळीला अलगद काट्यावर ठेवलं आणि सवयीने म्हणाली, "लिही." मीही सवयीने लिहिलं. चारशे बारा मिलिग्रॅम. सतरा नंबरच्या रकान्यात तोवर शंभराच्या वर आकडा गेलेला नव्हता. दोन वर्षांत एकदाही नाही.

तिला सगळे अळीमावशी म्हणतात. तिला त्याचा राग नाही, उलट कोणी नुसतं मावशी म्हटलं की "कुठली?" असं विचारते. पिकांवरच्या किडींचा अभ्यास करणाऱ्या या केंद्रात ती आली ती फरशी पुसायला. तेव्हा अळ्या सांभाळायला एक गृहस्थ होते, आणि त्यांना अळ्यांची किळस यायची. ते एक दिवस जे गेले ते पुन्हा आलेच नाहीत. कपांमधल्या अळ्या उपाशी मरताना मावशीला बघवेना. तिने फडकं बाजूला ठेवून कुंचला घेतला, तो पुढे कधी खाली ठेवला नाही. शाळा सातवीपर्यंत. चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. बोटं टोमॅटोच्या पानांत वावरून पिवळट हिरवी, आणि त्या बोटांना टोमॅटोच्या पाल्याचा तो उग्र वास. हा डाग आणि वास साबणाने जात नाही, असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

काम सांगायला सोपं. अंड्यांतून अळ्या निघाल्या की एकेक उचलून वेगळ्या कपात ठेवायची. एका कपात दोघी ठेवल्या तर संध्याकाळी एकच उरते, आणि ती जरा जास्तच गुटगुटीत असते. तळाला ओला कागद, वर ज्या वाणाची परीक्षा चालली असेल त्याचं पान, रोज ताजं. दहाव्या दिवशी वजन. ती आकडा सांगणार, मी लिहिणार. अठरा वर्षं आमचं हे असं चाललं होतं. मला बोलायला फार लागतं आणि तिला मुळीच नाही, त्यामुळे जोडी जमली. ती अळ्यांना पोरी म्हणते आणि झाडांना पोरं. पोरींनी पोरांना खायचं आणि पोरांनी पोरींना उपाशी मारायचं, असा सगळा संसार, आणि ही बाई दोन्हीकडची मावशी. "तू नक्की कोणाच्या बाजूने गं?" असं मी तिला छेडायचे.

"वजनाच्या," ती म्हणायची.

भाऊ तिच्याहून बारा वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला हिनेच वाढवलं. आता त्याला टक्कल पडलंय. वस्तीबाहेर त्याची दोन पॉलीहाऊस आहेत, त्यांत तो टोमॅटो लावतो. मावशी रविवारी त्याच्याकडे जाते आणि दारातच त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. तो मान काढून घेतो आणि म्हणतो, "ताई, केस विस्कटतात." कुठले केस? पण हा विनोद त्यांच्यात वीस वर्षं चालला आहे.

तर सतरा नंबर. दोन वर्षांपूर्वी मॅडमनी टोमॅटोची वीस वाणं परीक्षेला घेतली. कुठली कुंडी काचघरात कुठे ठेवायची ते मॅडम चिठ्ठ्या टाकून ठरवतात, म्हणजे एखाद्या वाणाला ऊन जास्त आणि एखाद्याला कमी असा पक्षपात नको. त्या चिठ्ठ्यांप्रमाणे सगळ्या वाणांच्या कुंड्या काचघरभर विखुरलेल्या. त्यात सतराची रोपं निघाली मरतुकडी. माना टाकलेल्या, पानं फिकट. मॅडम तेव्हा आठ दिवस परगावी होत्या. मावशीने काय केलं, तर सतराच्या सगळ्या कुंड्या गोळा केल्या आणि दाराजवळच्या टेबलावर एका ओळीत मांडल्या. "भावंडं आहेत. एकत्र राहिली तर तग धरतील," म्हणाली.

मॅडम परत आल्या. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण "असू देत आता, पुन्हा हलवू नका," एवढंच बोलून त्या पुढे गेल्या. नंतर नवं बी पेरून परीक्षा दुसऱ्यांदा झाली, तिसऱ्यांदा झाली. दोन्ही वेळा बाकीचे नंबर चिठ्ठीप्रमाणे आणि सतरा दाराजवळ. "त्यांना तिथली सवय आहे," मावशी म्हणायची. नव्या रोपांना कसली डोंबलाची सवय! पण हे आमच्यापैकी कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर एरवी छतावरच्या पालीलाही चार गोष्टी सुनावते.

रोज सकाळी आठला मावशी काचघराचं दार उघडायची. आत शिरलं की डाव्या हाताला सतराची ओळ. तिथून जाताना तिचा तळवा रोपांच्या पानांवरून फिरत जायचा, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "उठा रे पोरांनो, ऊन आलं," म्हणायची. बाकीची टेबलं आत, हात सहज न पोचण्याइतकी रुंद. तिथे ती लांब नळीने पाणी घालायची आणि पानं तोडण्यापुरती वाकायची. लाड फक्त सतराचे.

रोपं सुधारली. उंच झाली नाहीत, पण बुटकी, दणकट, गडद हिरवी झाली. आणि त्यांची पानं कपांत घातल्यावर आम्ही सगळे आ वासून बघत राहिलो. अळ्या खायच्या, पानाला भोकं पाडायच्या, आणि वाढायच्या नाहीत. शेजारी नंबर चारच्या पानावरची अळी दोनशेच्या पुढे गेलेली, आणि सतरावरची साठ, सत्तर. मला कळेना. मॅडमनी समजावलं. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते पानातच असं काही तयार करतं की ते खाल्ल्यावर अळीच्या पोटातलं पचन बंद पडतं. पोट गच्च भरलेलं आणि अंगाला काहीच लागत नाही. मग ती आणखी खाते आणि आणखी खंगते. त्या दिवशी मला माझा डबा घशाखाली उतरेना. मावशीने मात्र आपला डबा पुसून खाल्ला आणि म्हणाली, "हुशार आहेत माझी पोरं."

तीन परीक्षा, तिन्हींत एकच उत्तर. पुढच्या हंगामापासून सतराचं बी लोकांना द्यायचं ठरलं, अळीसाठी फवारणी नको असं लिहून. मॅडमनी शोधनिबंध लिहायला घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की त्यावर त्यांच्या नावाखाली मावशीचं नाव छापून येणार. मावशीच्या निवृत्तीला तेव्हा पाच महिने उरले होते. तिने मला एका कागदावर तिचं नाव छापल्यासारखं लिहून दाखवायला सांगितलं. मी वळणदार अक्षरात लिहून दिलं. तो कागद तिने चष्म्याच्या घरात ठेवला आणि दिवसातून चारदा विनाकारण चष्मा पुसायला लागली.

बी मात्र तिने त्याआधीच नेलं होतं. मूठभर, पाकिटात घालून, भावाला दिलं होतं. हे नियमात बसत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत केंद्रातली टाचणी घरी न नेलेली बाई! पण भाऊ वर्षानुवर्षं फवारे मारून खोकायला लागला होता. बोलता बोलता त्याला ढास लागायची, आणि फवारा मारावा लागणार नाही असं झाड हिच्या डाव्या हाताला रोज उभं होतं. तिने भावाला सांगितलं, "माझ्या शब्दावर लाव." त्याने एक अख्खं पॉलीहाऊस तिच्या शब्दावर लावलं.

मॅडम त्या सकाळी रागावल्या नाहीत. रागवायलाही माणूस आधी शुद्धीवर असावा लागतो. त्यांनी कप तसाच खिडकीत ठेवला आणि म्हणाल्या, "चला. मला झाडं दाखवा."

पॉलीहाऊसच्या दारात पाऊल टाकलं. पायाखाली काळ्या दाण्यांचा सडा पडला होता. ती सगळी अळ्यांची घाण. वर पानांच्या जाळ्या झालेल्या. टोमॅटोंना भोकं, आणि भोकांतून शेपट्या बाहेर. एका फांदीवर मी सात मोजल्या आणि मोजायचं सोडून दिलं. पण मॅडम अळ्यांकडे बघतच नव्हत्या. त्या वर बघत होत्या. झाडं माझ्या डोक्याच्याही वर गेली होती, लुसलुशीत, पोपटी. आमचा सतरा कमरेच्या वर कधी गेला नव्हता.

"हा सतरा नाही," मॅडम म्हणाल्या. "बी बदललं असणार."

मावशी एका झाडापाशी वाकली. खोडाचा जांभळट रंग पाहिला, पानाची कड पाहिली, पान उलटं केलं. ती खोटं बोलली असती तर तिथेच सुटली असती.

"सतराच आहे," ती म्हणाली. "माझी पोरं मी ओळखते."

भाऊ दाराशीच उभा होता. "दोन महिने फवाऱ्याला हात लावला नाही," तो म्हणाला. "खोकला गेला. आता झाडंही गेली." आणि मग त्याने जे म्हटलं ते ऐकून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, तू कधी चुकीचं सांगशील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं."

त्याची बायको पुढे आली आणि मावशीला म्हणाली, "वन्सं, आत चला, पाणी तरी घ्या." मावशी गेली नाही. परत आल्यावर केंद्राच्या फाटकाशी गाडीतून उतरताना ती फक्त म्हणाली, "वजनं खोटी नाहीत."

वजनं खोटी नव्हतीच. मॅडमनी पुढचे तीन दिवस वह्या चाळल्या, माती तपासली, पाणी तपासलं, काटा दुसरीकडून तपासून आणला. काही सापडेना. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "मावशी सकाळी आल्यापासून काय काय करतात, मला क्रमाने सांग. काही गाळू नकोस."

मी सुरू झाले. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलंय. "फाटकातून येते. चप्पल बदलते. काचघराचं दार उघडते. रोपांवरून हात फिरवते. मग नळ सोडते, मग..."

"काय म्हणालीस?"

"नळ सोडते."

"त्याच्या आधी."

"हात फिरवते," मी म्हणाले, आणि कसा ते दाखवायला माझा तळवा त्यांच्या टेबलावरच्या कागदांवरून सरसर फिरवला. "असा. सतरावरून. रोज."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं मी काहीतरी भयंकर बोलून गेले. आणि बोलूनच गेले होते. अठरा वर्षांची मैत्रीण माझी, आणि तिला मी दोन मिनिटांत, हाताच्या हावभावांसकट, पकडून दिली.

मॅडमनी मावशीला दोष दिला नाही, हे त्यांचं मोठेपण. "कुंड्या दाराजवळ पाहूनही मी गप्प बसले, चूक माझी," त्या म्हणाल्या. त्यांनी चाळीस नव्या कुंड्या मागवल्या. वीस सतराच्या आणि वीस नंबर चारच्या. नंबर चार म्हणजे अळ्यांची मेजवानी, तो लगेच उठून दिसतो. दोन्हींतल्या निम्म्या झाडांवरून मावशीने रोज सकाळी एकदा हात फिरवायचा. उरलेल्या निम्म्यांना बोटही लावायचं नाही. कुंड्या चिठ्ठ्यांप्रमाणे, आणि जो हलवेल त्याची खैर नाही.

मावशीला हा अपमान वाटला. "माझ्या हाताला काय विष लागलंय?" ती मला म्हणाली. "प्रेमाने हात फिरवला तर झाड वाढतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं." तरी तिने सगळं काटेकोर केलं. एका कुंडीतल्या झाडावरून हात फिरवायचा, शेजारच्या कुंडीजवळून हात पाठीमागे बांधून जायचं. हात न लावायच्या कुंड्यांजवळ ती हळू आवाजात म्हणायची, "रुसू नका रे, मॅडमचा हुकूम आहे." मला हसू यायचं. तेव्हा हसू यायचं.

महिनाभराने पानं कपांत गेली. दहा दिवसांनी वजनं. या वेळी मॅडमनी कामं उलटी केली: काट्यावर मी आणि वहीत मावशी. कपांवर नुसते आकडे. कुठला कप कुठल्या झाडाचा ते मॅडमच्या कपाटात. मी सांगत होते, मावशी लिहीत होती. दोनशे तीस. ऐंशी. पंच्याहत्तर. दोनशे चौदा. पन्नासाव्या कपाच्या सुमाराला तिची पेन्सिल थांबली. कपाट उघडण्याआधीच तिला कळलं होतं. काट्यापाशी ठेवलेल्या कपातलं पान सतराचं की चारचं, ते तिला कडेवरूनच कळतं.

मॅडमनी यादी आणून शेजारी ठेवली. हात न लावलेल्या सतरावर अळ्या दोनशेच्या पुढे, भावाकडच्या अळीच्या वाटेला लागलेल्या. हात लावलेल्या सतरावर ऐंशी. आणि नंबर चार, अळ्यांची मेजवानी, त्याच्यावरून मावशीचा हात फिरला होता तिथे अळ्या नव्वदच्या आत अडकून पडल्या होत्या. सतरामध्ये काही नव्हतं. तो साधा, भाबडा टोमॅटो होता. जे होतं ते सगळं हातात होतं.

"कसं काय?" मावशीने विचारलं.

मॅडम तिच्याजवळ स्टूल ओढून बसल्या. "मावशी, टोमॅटोच्या पानावर बारीक लव असते. कीड चालत आली की तिच्या पायांखाली ती मोडते. ती मोडली की झाडाला इशारा मिळतो. चावा बसायच्या आतच ते सगळ्या पानांत तो पचन बंद पाडणारा ऐवज भरायला लागतं. तुमचा हात फिरला की लव मोडायची. रोज. झाड रोज तयारीत राहायचं."

"म्हणून बुटकं राहायचं?"

"हो. झाडाजवळ जे आहे ते एकच. ते वाढीला घालायचं की बचावाला. तुमचा सतरा सगळं बचावाला घालत होता."

मावशीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पिवळट हिरवी बोटं, तोच वास. मी तिच्याकडे बघत होते आणि मला एकदम उमगलं की तो डाग म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, त्या मोडलेल्या लवेचाच आहे. पुरावा एवढी वर्षं तिच्या बोटांवर होता आणि आम्ही त्याच्या शेजारी बसून जेवत होतो.

"म्हणजे मी त्यांना अळी वाटते," ती म्हणाली.

"झाडाला असं काही वाटत नसतं, मावशी. ती नुसती रसायनं..."

"दोन वर्षं," मावशी म्हणाली. "मी आत आले की ती भ्यायची. मी म्हणायचे उठा, आणि ती भ्यायची. बाकीच्यांना मी कधी हात लावला नाही, ती सुखात वाढली." ती उठली, नळापाशी गेली आणि साबण घेऊन हात धुवायला लागली. किती वेळ! साबणाचा अर्धा तुकडा संपला. तो डाग साबणाने जात नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? मी नळ बंद केला तेव्हा तिने मला ढकललं नाही, नुसती ओल्या हातांनी उभी राहिली. मी टॉवेल दिला. माफी मागायची होती, पण माझ्यासारखीच्या तोंडून नेमकं तेव्हा शब्द फुटेना.

सतराचं बी लोकांना द्यायचं रद्द झालं. बी चोरलं म्हणून मावशीला कागदावर समज मिळाली, एकतीस वर्षांतली पहिली. पण तिने ते चोरलं नसतं तर पुढच्या हंगामात शेकडो जणांनी फवारे माळ्यावर टाकून सतरा लावला असता, हेही मॅडमनी त्याच कागदाच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं. जुना शोधनिबंध फाडला आणि नवा सुरू झाला, हाताबद्दलचा. मॅडमनी विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, "माझं नाव कुठे घालणार? वर, की तक्त्यात, फवारायच्या औषधाच्या जागी?" आम्ही हसलो. ती हसली नाही. तिने चष्म्याच्या घरातला तो कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुझ्याकडे ठेव."

रविवारी ती भावाला सांगायला गेली तेव्हा मला बरोबर नेलं. त्याने ते पॉलीहाऊस उपटून टाकलं होतं. दुसऱ्यात नवी रोपं लावून झाली होती, आणि तो पुन्हा खोकत होता. दारात तिचा हात सवयीने त्याच्या डोक्याकडे गेला आणि अर्ध्यावरून मागे आला. त्याने खाली घातलेली मान तशीच राहिली.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. केस विस्कटतील."

मग तिने सगळं सांगितलं. लव, इशारा, हात, सगळं. तो ऐकत राहिला. मला वाटलं आता याचा स्फोट होतो. पण तिच्या बोटांकडे बघून तो म्हणाला, "म्हणजे तू मला बी दिलंस, आणि जे द्यायचं होतं ते तिथेच ठेवून आलीस."

"मला कुठे माहीत होतं रे?"

"आता माहीत आहे ना?" त्याला ढास लागली. ती थांबल्यावर तो म्हणाला, "मग ये की. तसंही पुढच्या महिन्यापासून तुला घरी बसायचंय."

मॅडमनी बजावलं होतं की काचघरातलं बाहेर चालेलच असं नाही, आणि फळ कमी धरेल ते वेगळंच. भाऊ म्हणाला, एक ओळ करून बघू. एकच.

निवृत्तीनंतर दीड महिन्याने मी सकाळीच तिला भेटायला तिच्या भावाकडे गेले. भावाची बायको म्हणाली, त्या आत आहेत, आठ वाजले ना. पॉलीहाऊसमध्ये फवाऱ्याचा वास होता, पण एका कडेची ओळ वेगळी दिसत होती: बुटकी, दणकट, गडद. मावशी तिच्या बाजूने हळूहळू चालत होती आणि तिचा तळवा एकेका झाडावरून फिरत होता, पूर्वीसारखाच, तितकाच हलका. ओठही हलत होते. मला बरं वाटलं. म्हटलं, सावरली बाई, पुन्हा आपलं उठा रे पोरांनो सुरू झालं. तिला दचकवायचं म्हणून मी पाय न वाजवता मागून जवळ गेले, आणि ती काय म्हणते ते मला ऐकू आलं.

"घाबरा रे पोरांनो, घाबरा. अळी आली."